मोसंबी-आंब्याच्या खुंटात जनुकबदल: आपल्या काळ्या रानाला बुटकं झाड हवं की पक्की मुळं?

काळंरान_अंबड
राम राम मंडळी. आमची मोसंबी आहे, बहुतेक जंबेरीच्या खुंटावर, थोडी रंगपूरच्या. खुंट म्हणजे कलमाचा मुळांसकटचा खालचा भाग; जंबेरी आणि रंगपूर ही त्यासाठी वापरली जाणारी लिंबूवर्गातली झाडं. नव्या लागवडीला खुंट कोणता घ्यावा यावर घरात आणि पारावर सारखी चर्चा चालू असते. त्यात हल्ली एक नवीच गोष्ट कानावर येते. परदेशात फळझाडाच्या खुंटातच जनुक घालतात, त्यानं झाड बुटकं राहतं आणि त्याच खुंटाच्या काडीला मुळंही पटकन फुटतात. वरचा डोळा (खुंटावर बसवलेली फळाच्या जातीची कळी) साधा, फळ साधं, बदल फक्त जमिनीलगतच्या भागात.

यावर जमेल तेवढं वाचून काढलं. सफरचंदाचा एम-९ हा प्रसिद्ध बुटका खुंट जनुकबदलाचा नाही, तो निवडीतून आलेला आहे. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्रानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे खुंट गोळा केले, वेगळे ओळखून त्यांना क्रमांक दिले, आणि तिथून सफरचंदाच्या बागांची उंचीच बदलली. पण एम-९ च्या काडीला मुळं सहजी फुटत नाहीत. म्हणून स्वीडनमधल्या संशोधकांनी एम-९ आणि एम-२६ या खुंटांत रोल-बी नावाचं जनुक घातलं. हे जनुक ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजीन्स या जमिनीतल्या जिवाणूचं. तो झाडाच्या जखमेतून शिरला की तिथं बारीक मुळांचा झुपका उठतो. हे जनुक घातलेल्या एम-९ च्या कोंबांना प्रयोगशाळेच्या बाटलीत मुळांचं संप्रेरक न देताही मुळं फुटली. साध्या एम-९ ला तिथं जवळपास फुटतच नव्हती.

माझं म्हणणं सांगतो. सगळे बुटक्या झाडाच्या मागं लागलेत. आपल्या मराठवाड्याला त्यापेक्षा मुळांची गरज जास्त आहे. उंची कात्रीनं आटोक्यात ठेवता येते, मुळं कात्रीनं येत नाहीत. वीतभर खाली चुनखडी, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट, पाऊस सरासरीनं ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही एका दमात पडून जाणारा. २०१२ च्या दुष्काळात जालना-संभाजीनगर पट्ट्यात टँकरचं पाणी घालूनही बागा वाळल्या, लोकांनी डोळ्यांदेखत झाडं तोडून सरपण केलं. तेव्हा जे वाळलं ते मुळांपासून वाळलं. जनुकाचं तंत्र आणायचंच असेल तर चुनखडी, क्षार, ताण आणि डिंक्या रोग (साल कुजून डिंक गळतो तो) सोसणाऱ्या मुळांसाठी आणा. जाणकारांनी मत द्यावं.

केसर_तुळजापूर
भाऊ, मोसंबीचं तुमचं खरं असेल. आंब्यात बुटकेपणाशिवाय भागत नाही.

आमच्या वडिलांच्या काळात आंबा १० बाय १० मीटरवर, एकरात ४० झाडं. आता ५ बाय ५ वर लावतो, म्हणजे एकरात १६०. पहिली काही वर्षं छान दिसतं. मग फांद्या एकमेकींत शिरतात, आत ऊन जात नाही, मोहर नुसता शेंड्याला. दरवर्षी काढणी झाली की छाटणी. छाटणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर कुठली काडी ठेवायची ते त्याला कळत नाही. मग लोक कल्टार ओततात. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल म्हणजे काय, तर झाडात वाढीचं जिबरेलिन हे संप्रेरक तयार होणं रोखणारं औषध. ते मातीत लवकर विरत नाही. मात्रा चुकली तर पालवी गुच्छासारखी आखडते आणि झाड दोन-दोन वर्षं सुधारत नाही. आमच्या शिवारात अशी झाडं कुणालाही दाखवतो.

वारं-गारांचंही बघा. २०१४ च्या मार्चमधली गारपीट कुणी विसरलं नसेल. ऐन कैरीत वावटळ आली की उंच झाडाखाली सडा पडतो. झाड हाताच्या उंचीला असेल तर झेला (फळ काढायची काठीची जाळी) न लावता देठासकट फळ काढता येतं, चीक सालीवर सांडत नाही, डाग पडत नाही. दर तिथंच ठरतो. खुंटानंच झाड बुटकं राहिलं तर कल्टारही नको आणि शिडीही नको.

ऊतीसंवर्धन_परभणी
दोघांचेही मुद्दे योग्य आहेत. मी ऊतीसंवर्धनाचं, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यातून बाटलीत रोपं वाढवायचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आंब्यात मुळांचा आणि उंचीचा प्रश्न एकच आहे. आपण केसरची काडी गावरान कोयीच्या रोपावर बांधतो. गावरान आंब्याच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो संकरातून आलेला, त्यामुळं प्रत्येक कोय वेगळी. म्हणजे तुमच्या १६० झाडांना १६० वेगवेगळे खुंट आहेत. वरती सगळा केसर, खाली एकाचं एकाला जुळत नाही. एक झाड दणकट वाढतं, शेजारचं खुरटतं, आणि आपण खताला दोष देतो. दक्षिणेकडचा वेल्लइकोलंबन हा बुटकेपणा देणारा खुंट किंवा इस्रायलमध्ये खारट पाणी आणि चुनखडीसाठी वापरतात तो १३-१, हे बहुगर्भी आहेत. त्यांच्या कोयीतून आईसारखीच रोपं मिळतात, म्हणूनच त्यांचा खुंट म्हणून उपयोग होतो. एखादं गावरान झाड दुष्काळात हिरवं राहिलं आणि त्याचाच खुंट हवा म्हटलं, तर त्याच्या काडीला मुळं फुटली पाहिजेत. आंब्याची काडी तिथंच हटून बसते. मुळं फुटवता आली तर बुटका खुंटही निवडता येईल आणि चिवटही.

आता रोल जनुकांबद्दल. जपानमध्ये ट्रायफोलिएट म्हणजे त्रिपर्णी संत्र्यात रोल-सी हे रोल-बीच्या जोडीचं जनुक घातलं. पेरं आखूड झाली, झाड बुटकं राहिलं आणि काड्यांना मुळं जास्त चांगली फुटली. स्वीडनच्या गटानं रोल-बी असलेल्या खुंटांवर साध्या सफरचंदाच्या जाती बांधून काही वर्षं वाढवल्या. वरच्या झाडाची वाढ कमी झाली, फळाच्या गुणवत्तेत ठळक फरक दिसला नाही, आणि रोल-बी जनुकाचा संदेश (आरएनए) वरच्या भागात गेल्याचं आढळलं नाही. पण आधीच बुटक्या असलेल्या एम-९ मध्ये हे जनुक घातल्यावर फुलं आणि फळंही बरीच घटली. एम-२६ वर तो तोटा कमी होता. म्हणजे बुटकेपणा प्रमाणाबाहेर गेला की उत्पन्नावर येतो.

अंबडच्या भाऊंच्या मुद्द्याला जोड देते. लिंबूवर्गात बुटकेपणासाठी जगभर नाव घेतलं जातं ते फ्लाइंग ड्रॅगनचं. तोही त्रिपर्णी संत्र्याचाच प्रकार. त्रिपर्णी संत्र्याला चुनखडीची जमीन अजिबात मानवत नाही. लोह उचलता येत नाही, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्या रानात तो खुंट उंचीच्या आधी पिवळेपणानंच बुटका होईल. उलट रंगपूर चुनखडी, क्षार आणि ताण बऱ्यापैकी सोसतो, पण झाड बुटकं करत नाही. बुटकेपणाचं जनुक घालायचंच असेल तर ते रंगपूरमध्ये घालून बघायला हवं. बाहेरचा बुटका खुंट आणून इथं रुजणार नाही.

सेलू_शिवार
ताई, माहिती चांगली दिली. पण मी कापूसवाला आहे, मला जरा बोलू द्या.

२००२ ला बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी जनुकबदलाची कपाशी आली, तेव्हा आम्हीही असंच ऐकलं होतं. पहिली वर्षं बरी गेली, फवारण्या वाचल्या, मी नाकारत नाही. नंतर गुलाबी बोंडअळीला ते विष पचायला लागलं. २०१७ ला आमच्याकडं हिरवीगार दिसणारी बोंडं फोडली की आत अळी आणि किडकी सरकी. फवारणी करून करून माणसं आजारी पडली. तरी कापूस हे एका हंगामाचं पीक. पुढच्या वर्षी सोयाबीन पेरलं, मोकळा झालो. खुंट एकदा जमिनीत गेला की वीस-पंचवीस वर्षं तोच. त्याच्यात खोट निघाली तर शेतकऱ्यानं करायचं काय? बाग उपटायची?

दुसरं, दरवर्षी बियाण्याचं पाकीट विकत घ्यायची सवय आम्हाला लागली ती सुटली नाही. आज जंबेरीचं बी कुणीही फळ फोडून काढतो, गादीवाफ्यावर टाकतो. उद्या खुंटाची काडी कुणाच्या मालकीची झाली तर रोपवाटिकावाला आणि आम्ही दोघं बांधले गेलो. आणि जिवाणूचं जनुक झाडात, हे आमच्या घरच्यांना पटणार नाही. फळ देवाला दाखवायचं असतं.

रोपवाटिका_पैठण
दादा, तुमची खुंटाच्या आयुष्याची भीती अगदी रास्त आहे. लिंबूवर्गात हे जगानं दोनदा भोगलंय. ब्राझील-अर्जेंटिनात सगळ्या बागा आंबट संत्र्याच्या खुंटावर होत्या, ट्रिस्टेझा विषाणू आला आणि १९३० नंतरच्या काळात लाखो झाडं बसली. मग ब्राझीलनं रंगपूर धरला. २००० च्या आसपास तिथं झाडं अचानक मरायचा नवा रोग निघाला आणि तो नेमका रंगपूरवरच्या झाडांना. एकाच खुंटावर सगळा पट्टा उभा करणं धोक्याचंच, त्यात जनुक घातलेलं असो वा नसो.

पण बी फोडून टाकलं की झालं, असंही नाही हो. मी रोज तेच काम करते म्हणून सांगते. जंबेरीच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन कोंब येतात. त्यातले बहुतेक आईच्या पेशीतून आलेले, हुबेहूब तिच्यासारखे. पण एखादा संकराचा असतोच. वाफ्यात खाली बसून बघावं लागतं. ज्याची पानं लांबट, ज्याच्या देठाचा पंख वेगळा, जो बाकीच्यांच्या पुढं पळतो किंवा मागं कुथतो, तो उपटून टाकायचा. पिशवीत लावताना मुळी बघायची, सोटमूळ वाकडं बसलेलं असेल तर तेही टाकायचं. मग पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर डोळा भरायचा. ही निवड न करता सगळी रोपं सरसकट बांधून विकणारेही आहेत. रोप घेताना शेतकरी वरचा डोळा न्यूसेलरचा, म्हणजे बीमधल्या आईच्याच पेशीतून वाढलेल्या झाडाचा, आहे का एवढं विचारतो. खाली काय आहे ते मला आजवर फार थोड्यांनी विचारलं.

म्हणून मला काडीला मुळं फुटणारा खुंट मोलाचा वाटतो. वाफ्यातली ही सगळी उपटाउपटी वाचेल आणि हजार रोपं एकसारखी निघतील. शिवाय एक गोष्ट कुणी बोललं नाही. बियांपासून खुंट करायचा तर मातृवृक्षाला फुलं-फळं येऊ द्यावी लागतात. जनुकबदलाच्या खुंटाचा मातृवृक्ष फुलला तर त्याचा पराग मधमाशी कुठंही नेईल. पण त्याच खुंटाला काडीतून मुळं येत असतील तर मातृवृक्ष फुलायच्या आतच सतत छाटत ठेवता येतो. मुळं फुटण्याचा गुण जवळ असला तर पराग पसरण्याची भीतीही बरीच कमी होते.

ऊतीसंवर्धन_परभणी
ताईंनी फार नेमका मुद्दा मांडला. खुंटाला फुलायची गरजच नसते. प्रयोगशाळेतून आलेलं फळझाडाचं रोप फळावर यायला कितीतरी वर्षं घेतं. इतर जनुकबदलाच्या फळझाडांत ही मोठी अडचण असते, खुंटात नाही.

तरी धोका पूर्ण जात नाही, आणि तो आपल्याच भागात जास्त आहे. दुष्काळात वरची मोसंबी वाळते आणि खुंट जिवंत राहतो. पाऊस पडला की डोळ्याच्या खालून जंबेरीची फूट जोरात उठते. पडीक बागांत अशी काटेरी जंबेरी फळांवर आलेली आपण सगळ्यांनी पाहिलीय. जनुकबदलाचा खुंट असता तर तोच फुलला असता. परवानगी देताना या गोष्टीचा विचार व्हायलाच हवा.

वरच्या भागात काय जातं हेही सरळ सांगते. स्वीडनच्या प्रयोगात रोल-बीचा संदेश वर गेला नाही. पण कलमाच्या जोडातून काहीच जात नाही असं म्हणणं चूक ठरेल. अमेरिकेत चेरीच्या खुंटात विषाणूविरुद्धचे छोटे आरएनए तयार होतील असा बदल केला, तर ते साध्या वरच्या भागात पोचले आणि तिथं विषाणूला रोखलं. तिथं तोच हेतू होता. म्हणून प्रत्येक जनुकाची तपासणी वेगळी लागते.

सेलूच्या दादांच्या घरच्यांसाठी एक माहिती. एकादशीला आणि महाशिवरात्रीला आपण रताळं खातो. रताळ्यात ॲग्रोबॅक्टेरियमची जनुकं निसर्गतःच शिरलेली आहेत, रोल जनुकांच्या नात्यातलीसुद्धा. हे २०१५ मध्ये उघड झालं. हजारो वर्षं माणूस ते खातोय. यावरून सगळं सुरक्षित ठरत नाही, पण जिवाणूचं जनुक झाडात असणं हे निसर्गाला नवं नाही.

केसर_तुळजापूर
ताई, मग जनुक संपादनाचं, म्हणजे झाडाचंच जनुक नेमक्या जागी बदलण्याचं, काय? त्याला परवानगी सोपी झाली असं ऐकलंय. बुटका भात तसाच केला म्हणतात.

ऊतीसंवर्धन_परभणी
दोन गोष्टी मिसळल्यात, सुट्या करते. हरित क्रांतीतला आयआर-८ हा बुटका भात साध्या संकरातून आला. त्यातलं जिबरेलिन बनवणारं एक जनुक निसर्गतःच बिघडलेलं होतं. तुम्ही कल्टारनं जे रोखता तेच तिथं जनुकानं रोखलं. आज संपादनानं तेच जनुक नेमकं बिघडवता येतं. केंद्र सरकारनं मार्च २०२२ मध्ये परकं जनुक शिल्लक न राहणाऱ्या संपादित पिकांना जनुकबदलाच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीरही झाले.

फळझाडात मात्र पेच आहे. भातात संपादनाची कात्री म्हणून घातलेलं जनुक ज्यांच्यात उतरलं नाही अशी रोपं पुढच्या पिढीत निवडून घेतात. आंबा-मोसंबीत पुढची पिढी काढली की मूळ वाणच मोडतो. मग ती कात्री जनुक न घालता थेट पेशीत सोडायची आणि त्या एका पेशीतून अख्खं झाड वाढवायचं. आंब्याच्या ऊती बाटलीत काळ्या पडतात, तिथंच महिने जातात.

शिवाय जिबरेलिन खुंटात कमी केलं म्हणून वरचं झाड बुटकं होईलच असं नाही. ईस्ट मॉलिंगलाच सफरचंदाच्या वरच्या जातीत ते जनुक दाबलं, तेव्हा जोमदार खुंटावरही झाड बुटकं राहिलं. पण तिथं फळाचं झाडच बदललेलं. आपण बोलतोय ते साधं फळ आणि बदललेला खुंट याबद्दल.

द्राक्ष_कडवंची
मी उशिरा आलो. द्राक्षात आम्ही खुंटाचा अनुभव घेतलाय तो सांगतो. आधी थॉमसन ही द्राक्षाची जात स्वतःच्या मुळांवर असायची. पाणी कमी आणि खारट होत गेलं तशी बाग दम टाकायला लागली. मग डॉगरिज हा खुंट आला, नंतर ११०-आर हा. आमच्याकडं खुंट उन्हाळ्याच्या आधी रानात लावतात, मुळं खोल जाऊ देतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेवर पाचर कलम करतात. शेततळ्यांसोबत या मुळांनी कडवंचीच्या बागा टिकवल्या.

यात जनुकबदल कुठंच नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या द्राक्षबागा मुळांवरच्या फायलोक्झेरा किडीनं बसल्या तेव्हा अमेरिकेतल्या रानटी वेलींची मुळं कामाला आली, त्यातूनच हा सगळा खुंटांचा प्रकार वाढला. डॉगरिज बुटका तर नाहीच, उलट इतका जोमदार की कॅनॉपी (पानाफांद्यांचा पसारा) आवरता आवरता नाकी नऊ येतात. तरी आम्ही तो घेतला, कारण आधी जगायचं होतं. अंबडच्या भाऊंशी मी सहमत आहे. कोरडवाहू पट्ट्यात उथळ मुळांचं बुटकं झाड पहिल्याच ताणात बसेल.

काळंरान_अंबड
सगळ्यांचे आभार. केसरवाल्या दादांचं आंब्याबाबत मला पटलं, तिथं दाट लागवड आणि कल्टार यातून सुटका हवीच. मोसंबी आपण ६ बाय ६ वर लावतो, एकरात ११० च्या आसपास झाडं, आणि झाड तसं फार उंच जात नाही. तिथं माझं मत तेच आहे, आधी मुळं.

सेलूच्या दादांचा मालकीचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. हे काम झालंच तर कृषी विद्यापीठानं करावं. बदनापूरला मोसंबीचं केंद्र आहे, संभाजीनगरला हिमायतबागेचं फळ संशोधन केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळाचं केंद्र आहे. खुंट तिथल्या मातृवृक्षावरून परवानाधारक रोपवाटिकांना मिळावा, एकट्या कंपनीच्या पाकिटातून नव्हे. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं पेरूसाठी पुसा सृजन हा बुटका खुंट दिला, तो साध्या पैदाशीतून. म्हणजे सरकारी संस्थेला हे जमतं. आणि जनुकाचं काम चालू असताना, दुष्काळात तगलेली गावोगावची रंगपूर-जंबेरीची आणि गावरान आंब्याची झाडं हुडकून त्यांच्या काड्या-बिया गोळा करायला कुणाची परवानगी लागत नाही. यासाठी आपण गटानं संशोधन केंद्राला निवेदन देऊ. कोण कोण सही करणार ते इथंच लिहा.

सेलू_शिवार
निवेदनाला माझी सही धरा. जनुकबदलाच्या खुंटाच्या शेतावरच्या चाचण्यांना माझा अजून विरोध आहे, पण तगलेली झाडं हुडकायच्या कामाला मी स्वतः येतो. आमच्याकडं ओढ्याच्या काठाला दोन गावरान आंबे आहेत, पाणी न देता दरवर्षी लागतात.

नवी_बाग_घनसावंगी
मधेच विचारतो, माफ करा. आमच्या जुन्या बागेत काही झाडांची वरची मोसंबी वाळली आणि खालून जंबेरीची फूट मांडीएवढी जाड झालीय. उपटून टाकावीत का?

रोपवाटिका_पैठण
लगेच उपटू नका. आधी बुंध्याजवळची माती हातानं बाजूला करून बघा. साल ओली, कुजकी, डिंक गळतोय, आंबूस वास येतोय, तर मुळं गेलीत. ते झाड काढा आणि त्या खड्ड्यात निदान एक हंगाम मोसंबी लावू नका. मुळं पांढरी-पिवळी आणि साल घट्ट असेल तर फूट कापून खाली आणा, नवीन कोंब येतील, त्यातले सरळ दोन ठेवा. पेन्सिलीएवढे झाले की निरोगी मातृवृक्षावरचा न्यूसेलरचा डोळा भरा. दोन्ही धरले तर जोमदार तो ठेवून दुसरा काढा. डोळ्याखालची प्रत्येक फूट बोटाएवढी व्हायच्या आत मोडत चला, आणि पावसाळ्याच्या तोंडाला बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. जुन्या मुळांवरचं असं झाड नव्या रोपाच्या आधी फळावर येतं. फोटो टाकला तर कुठं कापायचं ते सांगते.